हौसेला मुरूम

रस्ता खराब आहे हे कळल्यावर चेहऱ्यावर तेज येणारा माणूस महाराष्ट्रात आजवर एकच होता. ठेकेदार. आता त्याला जोडीदार मिळालाय, ग्रॅव्हल बाइकवाला.

रविवारी पहाटे पाचला पुण्याच्या चांदणी चौकात थांबा, हमखास दिसेल. मोठी मोटार, तिच्या पाठीवर पट्ट्यांनी आवळलेली सायकल, आणि आत अंगाला चिकटलेल्या कपड्यांत चाळिशीचा एक गृहस्थ. पौड, मुळशी, ताम्हिणीच्या बाजूला कुठेतरी मोटार थांबते, सायकल उतरते आणि गृहस्थ निसर्गाशी एकरूप व्हायला निघतात. सायकल चालवायला चाळीस किलोमीटर डिझेल जाळायचं. हसू नका, त्यांचाही नाइलाज आहे. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल मार्ग आहेत की! २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडासुद्धा मंजूर केला. या मार्गांवर उभ्या मोटारी, पाणीपुरीचे स्टॉल, विजेचे डीपी आणि फुटक्या कुंड्या गुण्यागोविंदाने नांदतात. सायकल तेवढी मावत नाही. म्हणून ती मुळशीला.

ज्यांच्या घरात हे यंत्र अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हँडल शर्यतीच्या सायकलचं, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. टायर मात्र जाड, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे. आत ट्यूब नाही, पातळ चिकट द्रव. काटा घुसला तर भोक आपोआप बुजतं. डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर, दांडीखाली पिशवी, सीटखाली पिशवी, हँडलवर पिशवी. किंमत बायकोला सांगता येणार नाही अशा आकड्यापर्यंत जाते. एवढा सगळा खटाटोप कशासाठी? खडी, मुरूम, माती असल्या रस्त्यावरून लांब पल्ला आरामात मारता यावा म्हणून.

आता एखाद्या दूधवाल्याची काळी सायकल जरा वाकून बघा. टायरच्या कडेला माप छापलेलं असतं, २८ बाय दीड. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर, आणि सायकलच्या आंतरराष्ट्रीय मापात या टायरची रुंदी चाळीसच धरतात. जी रुंदी गाठायला बड्या बड्या कंपन्यांच्या इंजिनिअरांनी गेली दहा-पंधरा वर्षं डोकं खपवलं, ती आपल्या दूधवाल्याच्या बुडाखाली पिढ्यान् पिढ्या फिरते आहे. वर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. पिशव्यांचाही प्रश्न त्याने सोडवलेला होता. त्याला फक्त इंग्रजी नाव सुचलं नाही, आणि हेल्मेट घालून डोंगराकडे तोंड करून फोटो काढायचं राहून गेलं. अशा काळ्या सायकली बनवणाऱ्या अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. मुहूर्त काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

डोंगरातल्या सायकलीचा जन्मही असाच भंगारातून झालेला आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपाइसच्या परिसरात, काही केसाळ तरुण १९३०-४० च्या जाड टायरच्या जुनाट सायकली टेम्पोतून डोंगरावर चढवायचे आणि मातीच्या रस्त्याने जीव मुठीत धरून खाली सोडायचे. पॅडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग हब उघडून नवं ग्रीस भरायचं. पुन्हा भरावं लागतं म्हणून शर्यतीचं नाव रीपॅक. त्यातून गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची अशी नावं पुढे आली आणि धंदा उभा राहिला. तिथून इथवर आपण काय कमावलं? ग्रीस जळत नाही, हप्ता जळतो.

असो. मुद्दा सायकलचा नाहीच, रस्त्याचा आहे.

ग्रॅव्हलवाल्या मंडळींचं एक तीर्थक्षेत्र आहे, इटलीतलं कियांती. टस्कनीतल्या सिएना आणि फ्लोरेन्स यांच्या मधले डोंगर. ओक आणि चेस्टनटची जंगलं, द्राक्षाचे मळे, सुरूची झाडं आणि त्यांतून नागमोडी जाणारे पांढऱ्या चुनखडीच्या मुरमाचे रस्ते. आपल्याकडची खडी काळी, तिथली पांढरी. बाकी धूळ तीच, नाकात जाते ती जागाही तीच. एकेक करून हे रस्ते डांबराखाली जायला लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या गृहस्थांनी १९९७ साली गायोले गावातून एक सायकलफेरी काढली, लेरोइका. पहिल्या वर्षी ९२ माणसं. नियम असा की सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरचे खटके फ्रेमच्या दांडीवर हवेत. वाटेत खायला शिळ्या पावाचं आणि भाज्यांचं शेतकरी सूप, प्यायला वाईन. आज जगभरातून हजारो लोक तिथे जुन्या लोकरी जर्सी घालून कण्हत-कुथत डोंगर चढतात. २०९ किलोमीटरचा तो मार्ग बारमाही पाट्या लावून आखलेला आहे. त्याच रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिकांची 'स्त्रादे बियांके' ही शर्यत होते आणि सिएनाच्या भर चौकात संपते. अख्ख्या प्रांताने मुरमाला वारसा मानलं आणि डांबराला वेशीवर थांबवलं.

हे कळल्यापासून आपल्या ग्रॅव्हलवाल्यांना स्वस्थता नाही. 'सह्याद्रीत असं का नाही?' म्हणतात. मीही अधूनमधून त्या कळपात असतो, त्यामुळे हे वाक्य चहाबरोबर किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. अहो, आहे की! डांबर वेशीवर थांबवण्यासाठी इटलीला चळवळ करावी लागली. आपल्याकडे ते आपणहून थांबतं. आणि चुकून गावात आलंच तर पहिल्या पावसात माहेरी निघून जातं.

प्रक्रिया समजून घ्या. गावाच्या तोंडाशी फलक असतो. कामाचे नाव, अमुक फाटा ते तमुक वाडी रस्ता खडीकरण व डांबरीकरण करणे. अंदाजपत्रकीय रक्कम. दोषदायित्व कालावधी. फलक वाचून झाला की रस्ता शोधायचा. आधी डबर टाकून सोलिंग होतं, त्यावर खडी, खडीच्या फटी बुजवायला मुरूम, मग पाणी मारून रोलर. डांबराची पाळी येते तेव्हा एक तर मार्च संपलेला असतो किंवा पाऊस आलेला असतो. ताम्हिणीच्या अंगाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो महिन्याभरात मुरूम धुऊन ओढ्यात नेतो आणि खडी दात विचकून वर येते. दसऱ्यापर्यंत जागतिक दर्जाचा ग्रॅव्हल रूट तयार. इटालियन माणसाने बघितला तर हेवा करेल, आणि त्याच्या टायरची कड फाटेल.

पण घोडं पेंड खातं ते पुढेच. कियांतीत पांढऱ्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला दवाखान्यात जायला खाली डांबरी हमरस्ता आहे, आणि दाराशी आलेल्या सायकलवाल्याला तो वाईन, खोली, जेवण सगळं विकतो. मुरूम त्याला परवडतो. आमच्या वाडीला खालचा, वरचा, डावा, उजवा असा एकच रस्ता, आणि तोच हा निसर्गरम्य. खराब रस्त्याची चैन ज्याच्या घरापर्यंत चांगला रस्ता आहे त्यालाच करता येते. बाकीच्यांना तो भोगावा लागतो.

मुळशीच्या पाण्याच्या पलीकडे एका वाडीत पत्र्याच्या टपरीवर आमचा जथा थांबला होता. एक मामा उकिडवे बसून एका सायकलचं टायर अंगठ्याने दाबत होते.

"हवा कमी हाय," मामांनी निकाल दिला.

"कमीच ठेवायची असते, मामा. खडीवर बरी पळते."

"केवढ्याला बसली?"

"पंधरा हजार." हा आकडा सगळे ग्रॅव्हलवाले सगळ्या मामांना सांगतात.

"पंधरा हजारात हवाबी पुरी देत न्हाईत?"

हशा झाला. मग एकाने विचारलं, पुढे रस्ता कसाय? मामा म्हणाले, लई वंगाळ. सगळ्यांचे डोळे चमकले. एकाने टाळी दिली. मामांनी हेल्मेटं बघितली, हँडलवरची जीपीएसची डबी बघितली, आणि आवाज एकदम आदबशीर झाला. "साहेब, मोजणीला आलाय व्हय? कवा व्हनार मग डांबर?"

आमच्यातल्या एका संवेदनशील माणसाने मामांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मामा, डांबर होऊ देऊ नका. सगळी मजा जाईल."

मामांनी मान डोलावली. "बरं. सूनबाईला पुढल्या म्हैन्यात बाळंतपनाला खाली न्यायची हाय. तवर ती फाट्यावर लावलेली गाडी हितंच ठिवून जावा."

चहाचे पैसे जरा घाईने दिले गेले.

मुळशीच्या त्या काठाकाठाच्या वळणांना ही मंडळी 'फ्लोइंग' म्हणतात. वळणं खरंच सुंदर आहेत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जांभूळ, अंजनी, हिरडा आणि रानभर कारवी. पण ती वळणं आली कुठून? टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, मार खाल्ला, तुरुंग भोगला आणि शेवटी खोरं पाण्याखाली गेलंच. गावं बुडाली, भाताची खाचरं बुडाली, सरळ वाटाही बुडाल्या. आता समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर पाण्याचा प्रत्येक फाटा वळसा घालून जावं लागतं. पाणी भिऱ्याला उतरून वीज करतं, वीज मुंबईला जाते, आणि रविवारी मुंबईची माणसं तो वळसा किती सुंदर आहे ते बघायला येतात. देवाणघेवाण म्हणतात ती हीच.

जंगल लागलं की वेगळाच तमाशा. हद्दीचा दगड आला की रस्ता एकदम नम्र होतो. वनजमिनीवर काहीही करायचं तर १९८० चा वन संवर्धन कायदा आडवा येतो. त्यात वाट काढायला २००६ च्या वनहक्क कायद्यात सोय केलेली आहे. ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ हून जास्त झाडं न तोडता, देता येते. म्हणजे कायदा वाडीच्या बाजूने आहे. फाइल मात्र वाडीच्या बाजूने चालत नाही. ती ज्या टेबलावर बसते तिथून उठायला तिलाही हलके गिअर लागतात.

आणि सायकलवाला जंगलाला उपद्रव देत नाही, ही त्याची स्वतःबद्दलची समजूत आहे. धूर सोडत नाही, हे खरं. पण पावसाळ्यात ओल्या मातीच्या पायवाटेवरून जाड टायर ब्रेक दाबत सरळ उतारावर गेलं की चाकोरी पडते. पुढच्या सरीला पाण्याला आयता पाट मिळतो आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. वाट टिकवायची तर ती उताराला तिरकी हवी. बाहेरच्या देशांतले वाट बांधणारे नियमच करतात, की वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत असावा. आपल्या गुराखी पोरांना हे शिकवायला कोणी यावं लागलं नाही, गुरं स्वतःच तिरकी चढतात. सरळ उतरायची अक्कल फक्त शिकलेल्यांना असते, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाऊन बघा. ज्या टेकडीतून रस्ता आणि बोगदे नकोत म्हणून आपण सगळे पोटतिडकीने मोर्चाला गेलो, तिच्याच अंगावर आपल्याच टायरांचे ओरखडे.

मातीच्या रस्त्याचं प्रेम किती खोल असतं ते माथेरानमध्ये दिसलं. आठशे मीटरवरचं रान, लाल माती, मोटारींना बंदी, २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. तिथल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे की माती ठेवायची, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. घोडेवाले म्हणाले, ब्लॉकवर घोडे घसरतात. दुसरी बाजू म्हणाली, दर पावसाळ्यात माती वाहून जाते, ई-रिक्षा चालवायची कशी? ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकला परवानगी दिली, आतल्या रस्त्यांना दिली नाही, आणि माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं बजावलं. म्हणजे स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षं होत आली तरी त्या नयनरम्य लाल मातीवर एक माणूस दुसऱ्या माणसाला ओढत होता. आणि ओढला जाणारा माणूस 'किती शांत आहे ना इथे' म्हणत होता.

तर मग डांबर येतं तरी कधी? माणसं मागतात तेव्हा येत नाही. प्लॉट पडतात तेव्हा येतं. मुळशी, पौड, पानशेत, कुठल्याही खोऱ्यात जा आणि डांबर कुठे संपतं ते बघा. फार्महाऊस प्रकल्पाच्या कमानीपाशी. कमानीवर दोन सिमेंटचे हत्ती, 'लेक व्ह्यू', 'निसर्गाच्या कुशीत', गुंठ्याचा भाव फोनवर. कमानीपर्यंत काळंभोर गुळगुळीत कार्पेट, पांढरे पट्टे, रात्री चमकणारे खुंट. कमान ओलांडली की खडी. त्या खडीच्या शेवटाला वाडी, जिने वीस वर्षं अर्ज केले. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली तेव्हा सपाटीवर पाचशे आणि आदिवासी भागात अडीचशे लोकवस्ती असा निकष होता. अकरा घरांच्या धनगरवाड्याने तो निकष कुठून पुरा करायचा? सिमेंटच्या हत्तींना मात्र लोकवस्तीची अट नसते.

ग्रॅव्हलवाल्याचा राग या कमानीवर असायला हवा. तो असतो मामांच्या डांबरावर. कारण कमानीच्या आत त्याच्या साडूचा प्लॉट असतो. कधीकधी त्याचाच.

बरं, रस्ता असाच हवा असेल तर त्याची किंमत मोजायची तयारी आहे का? नाणेघाटात जा. सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट, खडकात खोदलेली. वर तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरातून जायचं तर तिथे काहीतरी टाकून पुढे जायची रीत होती, असं जुन्नरचा पोरगाही सांगेल. लाखाची सायकल घेऊन वाडीत जाणारा माणूस वाडीत काय टाकतो? दहा रुपयांचा चहा, तोही अर्धा. पाणी घरचं, खजूर घरचे, पोटात जेलची पुडी, आणि रिकामी पुडी कारवीत. पिठलं-भाकरी सांगून ठेवली तर ताईंना चार पैसे मिळतील, पण 'ग्लूटेन चेक करावं लागेल'. ताई बिचाऱ्या म्हणतात, ते पण करते, फक्त किती वाट्या ते सांगा.

मागच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या रूटवरच्या एका वाडीच्या फाट्यावर नवा फ्लेक्स लागला. 'काँक्रिटीकरण शुभारंभ', वर सतरा चेहरे, खाली 'समस्त ग्रामस्थ', आणि कोपऱ्यात सौजन्य म्हणून कमानवाल्या प्रकल्पाचं नाव. फोटो आमच्या ग्रुपवर आला. रडके चेहरे आले, जोडलेले हात आले, एकाने लिहिलं, सह्याद्री संपला. एकाने सह्यांची मोहीम काढू म्हटलं, त्याला चौदा अंगठे मिळाले. तेवढ्यात तिसऱ्याने पलीकडच्या खोऱ्यातल्या नव्या रूटची जीपीएक्स फाइल टाकली. 'हा करू रविवारी. शेवटचे पाच किलोमीटर तर कडक आहेत, एसटीसुद्धा जात नाही!'